पाण्याखालचा डोंगर वाचायचा कसा? ज्वालामुखी बेटांच्या भूभौतिक अभ्यासाची सविस्तर वाट

मे २०१८ मध्ये मायोत बेटाला एकामागून एक हादरे बसायला लागले. आफ्रिका आणि मादागास्कर यांच्या मधल्या समुद्रातलं हे फ्रेंच बेट. १५ मेला ५.९ क्षमतेचा धक्का बसला आणि लोक धास्तावून रात्री घराबाहेर झोपू लागले. हे काय चाललंय, एवढंच त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. पण बेटावर भूकंपमापकांचं जाळंच नव्हतं आणि भोवतालच्या समुद्रतळावर कोणाचंही लक्ष नव्हतं. उत्तर मिळायला वर्ष लागलं. मे २०१९ मध्ये 'मारियों द्युफ्रेन' या संशोधन जहाजाने तळ मोजला, तेव्हा बेटापासून ५० किमी पूर्वेला, सुमारे साडेतीन किमी खोल पाण्यात ८२० मीटर उंचीचा नवाकोरा ज्वालामुखी उभा असलेला दिसला. २०१४ च्या मोजणीत त्या जागी असं काहीही नव्हतं. आज त्याला फानी माओरे म्हणतात.

ज्वालामुखी बेटांचा अभ्यास करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही घटना आधी नीट समजून घ्यावी, असं मला वाटतं. आपली नजर सहज मुखाकडे जाते, कारण धूर तिथून निघतो. पण बेटाचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो आणि सगळ्यात मोठा धोका कित्येकदा तिथेच तयार होतो. म्हणून या लेखात मी दोन गोष्टी धरून ठेवणार आहे. मुखाइतकंच लक्ष उतारांवर आणि समुद्रतळावर द्यायचं. आणि एका यंत्राने सांगितलेली गोष्ट, वेगळ्या भौतिक तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राने दुजोरा दिल्याशिवाय पक्की मानायची नाही.

लेख मुख्यतः भूशास्त्र, भूभौतिकी किंवा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे फक्त लॅपटॉप आणि इंटरनेट आहे, त्यांनाही यातलं बरंच काही करता येईल. उदाहरणांसाठी मायोतच्या जोडीला हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावरचा पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी घेतला आहे (पुढे नुसतं 'फूर्नेझ'). हा जगातल्या सर्वांत बारकाईने मोजल्या जाणाऱ्या ज्वालामुखींपैकी एक. शिवाय आपलं त्याच्याशी नातं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या खोल उष्ण प्रवाहाने दख्खनचा लाव्हा ओतला, त्याच प्रवाहावर आज रियुनियन बसलं आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सह्याद्रीतला बेसॉल्ट हाताळलेल्या मुलाला फूर्नेझचा खडक परका वाटणार नाही.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

यंत्र हाती आलं की लगेच मोजायला निघण्याचा मोह होतो. तो आवरा. आधी एका कागदावर लिहा की तुम्हाला नेमकं काय हवंय. शिलारस किती खोलीवर आहे, हा एक प्रश्न. तो वर सरकतोय का, हा दुसरा. डोंगराची एखादी बाजू समुद्राकडे घसरतेय का, हा पूर्णपणे निराळा प्रश्न आहे आणि त्याची यंत्रंही निराळी आहेत.

प्रत्येक प्रश्नासमोर आणखी दोन आकडे लिहा: किती छोटा बदल दिसायला हवा आणि किती वेळात दिसायला हवा. फूर्नेझखाली शिलारस निघाला की कधी कधी तासाभरातच भेग उघडते. उपग्रह बारा दिवसांनी एकदा येत असेल तर त्या तासाभराच्या कामाला तो निरुपयोगी, पण वर्षभर चाललेली उताराची संथ घसरण टिपायला उत्तम. हे दोन आकडे ठरले की निम्मी यंत्रं आपोआप बाद होतात आणि खर्चही आटोक्यात येतो.

दुसरी पायरी: पायथ्यापासून नकाशा करा

जमिनीच्या उंचीसाठी कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचं ३० मीटर बारकाव्याचं मॉडेल फुकट मिळतं. समुद्रतळासाठी जेब्को हा जगभरच्या सागरतळाच्या खोलीचा मोफत नकाशा घ्या. त्याची जाळी साधारण ४५० मीटरची, म्हणजे भरडच. तरी बेटाभोवती एखादी घोड्याच्या नालेच्या आकाराची खोबण आहे का आणि तिच्या खाली तळावर उंचवट्यांचा पसरलेला ढिगारा आहे का, हे त्यात बऱ्याचदा दिसतं. दिसलं तर ती बाजू पूर्वी कधीतरी कोसळलेली असण्याची शक्यता मोठी. रियुनियनच्या पाण्याखालच्या उतारांवर अशा जुन्या दरडींचे प्रचंड पसारे आहेत.

जहाजातून मल्टिबीम सोनारने (एकाच वेळी अनेक ध्वनिझोत सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी करायची संधी मिळाली, तर पाण्यातला ध्वनिवेग मोजल्याशिवाय काम सुरू करू नका. साडेतीन किमी खोलीवर वेगात एका टक्क्याची चूक म्हणजे खोलीत ३५ मीटरची चूक. दोन वर्षांच्या नकाशांची वजाबाकी करून 'इथे ३० मीटर लाव्हा साचला' असं म्हणायचं असेल, तर ही चूक सगळंच खाऊन टाकते. वजाबाकी खरी आहे हे तपासायला, जिथे काहीच बदललेलं नसणार अशा दूरच्या तळाचा तुकडा दोन्ही नकाशांत जुळतो का, ते पाहा.

आणखी एक अडचण किनाऱ्याची. जहाज उथळ पाण्यात शिरत नाही आणि जमिनीवरची मोजणी पाण्याच्या कडेला थांबते, त्यामुळे दोन्हींच्या मध्ये एक कोरी पट्टी राहते. उतार घसरत असेल तर त्याच्या भेगा याच पट्टीतून समुद्रात उतरतात. छोट्या होडीवरचं सोनार लावून किंवा ड्रोनच्या फोटोंवरून ती जमेल तेवढी भरून काढा.

तिसरी पायरी: कंप ऐका

एकच यंत्र परवडत असेल तर भूकंपमापक घ्या. ज्वालामुखीच्या आतलं बाकी काहीही इतक्या लवकर कळत नाही.

सिग्नल ओळखायला शिकणं हे पहिलं काम. खडक तुटल्यावर येणारे भूकंप टोकदार सुरू होतात, त्यांची वारंवारता साधारण ५ ते १५ हर्ट्झ असते आणि पी (आधी पोचणारी) व एस (मागून येणारी) लाटा वेगळ्या दिसतात. द्रव किंवा वायू भेगांतून हलला की ०.५ ते ५ हर्ट्झचे, हळू सुरू होणारे, लांबट सिग्नल येतात. त्यांची एस लाट सापडत नाही म्हणून नवशिके गोंधळतात. सतत चालणारी थरथर म्हणजे ट्रेमर. फूर्नेझवर ती सुरू झाली म्हणजे लाव्हा पृष्ठभागावर आला, असं बहुतेक वेळा धरता येतं. दगड कोसळल्याचे सिग्नल हळूहळू फुगतात आणि तसेच विरतात. बेटावर या सगळ्याच्या मागे समुद्राच्या लाटांचा कायमचा गोंगाट असतो, साधारण ५ ते ७ सेकंद आवर्तनाचा. वादळ आलं की तो वाढतो. म्हणून रोजच्या आलेखाशेजारी लाटांच्या उंचीचा आलेख ठेवायची सवय लावा.

अंतराचा झटपट अंदाज असा: एस आणि पी यांच्या येण्यातला फरक सेकंदांत घ्या आणि खोल भूकंपासाठी त्याला ८ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. ज्वालामुखीच्या उथळ, ठिसूळ थरात लाटांचा वेग बराच कमी असतो. तिथे ५ ने गुणलेलं जवळचं ठरतं.

आता बेटांवरची खास अडचण. भूकंप समुद्राखाली होत असेल तर तुमची सगळी स्थानकं त्याच्या एकाच बाजूला येतात. पूर्वेकडचा भूकंप पश्चिमेकडून मोजायचा, म्हणजे दिशा ढोबळ कळते पण खोली पार चुकू शकते. भरवशाची खोली हवी असेल, तर निदान एक स्थानक भूकंपाच्या खोलीएवढ्याच आडव्या अंतरात असावं आणि भूकंपाच्या जागेवरून पाहता शेजारच्या दोन स्थानकांमधली सर्वांत मोठी कोनीय फट १८० अंशांपेक्षा कमी असावी. मायोतला हे जमिनीवरून शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये समुद्रतळावर भूकंपमापक टाकले गेले, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. सर्वाधिक हादऱ्यांचा पुंजका बेटाच्या किनाऱ्यापासून जेमतेम ५ ते १५ किमीवर होता आणि त्याची खोली २० ते ५० किमी होती, म्हणजे चक्क प्रावरणात (पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात). तळावर टाकलेल्या यंत्राला जीपीएसची वेळ मिळत नाही, त्याचं घड्याळ हळूहळू भरकटतं. म्हणून पाण्यात सोडताना आणि वर काढल्यावर, दोन्ही वेळा घड्याळ जुळवून फरकाची नोंद ठेवावीच लागते. ही नोंद हरवली तर महिन्यांची मेहनत वाया जाते.

घरबसल्या सरावासाठी पायथन या संगणकभाषेवर चालणारं ऑब्सपाय हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. फूर्नेझच्या जाळ्याचा संकेत 'पीएफ' असा आहे. त्याचा डेटा खुला आहे. पहिला सराव म्हणून ११ नोव्हेंबर २०१८ चा मायोतचा सिग्नल काढा. सुमारे १६ सेकंदांच्या आवर्तनाचा, वीस मिनिटांहून अधिक चाललेला हा एकसुरी कंप जगभर नोंदला गेला. माणसांना तो जाणवलाच नाही. एका हौशी निरीक्षकाने केनियातल्या स्थानकाच्या आलेखावर तो हेरला आणि मग शास्त्रज्ञांत चर्चा सुरू झाली. घरी बसून आलेख पाहणारा माणूस किती मोलाचं काम करू शकतो, हे यातून दिसतं आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो.

दुसरा सराव थोडा कठीण, पण फार सुंदर. भूकंप नसतानाही जमीन थरथरत असते. दोन स्थानकांवरच्या त्या पार्श्वकंपांची तुलना केली तर एका स्थानकापासून दुसऱ्यापर्यंत लाटेला किती वेळ लागतो, हे काढता येतं. रोज काढलं तर खडकातला वेग बदलतोय का, तेही कळतं. २००८ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ फ्लोरों ब्रांगिए आणि सहकाऱ्यांनी फूर्नेझवर दाखवून दिलं की उद्रेकाच्या काही आठवडे आधीपासून हा वेग सुमारे ०.१ टक्क्याने घटतो. आत दाब वाढल्यावर डोंगर किंचित फुगतो, भेगा उघडतात, लाटा मंदावतात. यासाठी एमएसनॉइझ नावाची मोफत प्रणाली आहे आणि तिच्या सरावासाठी फूर्नेझचाच डेटा वापरतात. मात्र पावसाचं पाणी मुरलं तरी वेग बदलतो, आणि रियुनियनवर पावसाचे कित्येक जागतिक उच्चांक नोंदले गेले आहेत. पावसाचा आलेख शेजारी नसताना वेगातल्या घटीवरून निष्कर्ष काढायचा नाही.

चौथी पायरी: जमीन किती हलली ते मोजा

इथे दोन मुख्य साधनं: जीपीएस आणि उपग्रहावरचं रडार.

जीपीएसचं कायमचं स्थानक रोज एक जागा देतं, आडवी काही मिलिमीटरपर्यंत अचूक, उभी त्याच्या दोन-तीन पट ढोबळ. अमेरिकेतल्या नेवाडा भूगणितीय प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर जगभरच्या स्थानकांच्या तयार मालिका फुकट मिळतात. मायोतच्या 'एमएवायजी' या स्थानकाची मालिका उतरवा. २०१८ पूर्वीच्या काही वर्षांवरून सरळ रेष काढा, ती भूपट्टाची नेहमीची चाल. ती संपूर्ण मालिकेतून वजा करा. जुलै २०१८ पासून रेषा मोडलेली दिसेल: बेट पूर्वेकडे सरकतंय आणि खाली जातंय. सरकणं एकूण २० सेंमीच्या आसपास भरलं, खचणं १० ते २० सेंमी. सगळ्या स्थानकांचे बाण पूर्वेकडच्या एकाच भागाकडे वळले होते, म्हणजे तिथे खोलवर काहीतरी रिकामं होत होतं. नव्या ज्वालामुखीचा लाव्हा तिथूनच निघत होता.

स्रोताची खोली काढायचा सर्वांत सोपा गणिती नमुना मोगी या जपानी शास्त्रज्ञाचा. तो खडकात खोलवर एक छोटा फुगणारा गोळा धरतो. त्यातून दोन उपयोगी नियम निघतात. पहिला: कोणत्याही ठिकाणी आडवी हालचाल भागिले उभी हालचाल, हे बरोबर त्या ठिकाणाचं आडवं अंतर भागिले स्रोताची खोली. दोन्ही हालचाली सारख्या असतील, तर स्रोत तुमच्यापासून जितका दूर तितकाच खोल. दुसरा: थेट वरच्या बिंदूची उंची किती वाढली त्याला खोलीच्या वर्गाने गुणा, मग ४.१९ ने गुणा. आकारमानातला बदल मिळतो. समजा स्रोत २ किमी खोल आहे आणि शिखर ५ सेंमी उचललं गेलं. तर ०.०५ × ४०,००,००० × ४.१९, म्हणजे सुमारे ८.४ लाख घनमीटर. खरी भेग गोल नसते, भिंतीसारखी उभी असते, तेव्हा हा आकडा अंतिम समजू नका. पण 'हजारो की लाखो की कोटी' हे त्यातून कळतं, आणि पहिल्या रात्री तेवढंच हवं असतं.

रडारच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकातून जमिनीची हालचाल काढण्याच्या पद्धतीला इन्सार म्हणतात. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाचा डेटा मोफत आहे. त्याच्या चित्रातलं रंगांचं एक आवर्तन म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंमी. झाडीवर हा सिग्नल तुटतो. तिथे लांब लहरींचं रडार बरं पडतं, म्हणून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार उपग्रहाकडून मला फार आशा आहे. त्याच्या लांब लहरी (एल बँड) झाडीतूनही जमिनीपर्यंत पोचतात.

इन्सारमध्ये बेटांवर हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे हवेतलं बाष्प. उंच डोंगराच्या पायथ्याला दमट हवा आणि शिखरावर कोरडी, त्यामुळे रंगाचे पट्टे समोच्च रेषांसारखे डोंगराला वेढतात आणि डोंगर फुगल्याचा हुबेहूब भास होतो. ओळखायची रीत अशी: संशयित चित्रातली प्रत्येक तारीख वेगळ्या तारखांशी जोडून आणखी चित्रं काढा. पट्टे एकाच तारखेबरोबर येत-जात असतील तर ती हवा आहे. हवेचा परिणाम काढून टाकणाऱ्या गॅकॉस या सेवेच्या मोफत दुरुस्त्या लावूनही पाहा. शिवाय उपग्रह उत्तरेकडे जातानाची आणि दक्षिणेकडे जातानाची, दोन्ही चित्रं घ्या, म्हणजे उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी करता येते. उत्तर-दक्षिण हालचालीबाबत इन्सार जवळपास आंधळं असतं.

याहून खोलवरची एक मर्यादा पाठ्यपुस्तकांत फारशी ठसवली जात नाही. इन्सार सापेक्ष असतं. एक बिंदू स्थिर मानून बाकीचे मोजतात. मुख्य भूमीवर दूरचा स्थिर बिंदू मिळतो. बेटाभोवती पाणी असतं, आणि पाण्यावरून रडारची जुळणी पुढे जात नाही. त्यामुळे अख्खं बेट एकसारखं खचलं तर इन्सारला ते कळणारच नाही. मायोतमध्ये बेटाचं खचणं आणि सरकणं पकडलं ते जीपीएसने. छोट्या बेटावर एक तरी जीपीएस स्थानक का हवं, याचं उत्तर इथे आहे.

पाचवी पायरी: आत आलं ते काय? गुरुत्वाला विचारा

जमीन फुगली एवढं कळलं, तरी आत नवा शिलारस आला की नुसता वायूचा दाब वाढला, हे हालचालीवरून सांगता येत नाही. इथे सूक्ष्म गुरुत्वमापन लागतं. बिंदू उंच गेला की गुरुत्व घटतं: दर सेंटिमीटरला सुमारे ३ मायक्रोगॅल (गुरुत्व मोजायचं अगदी छोटं एकक). ५ सेंमी वर गेलेल्या बिंदूवर १५ मायक्रोगॅलची घट अपेक्षित. प्रत्यक्षात घट फक्त ५ आली, तर उरलेल्या १० मायक्रोगॅलएवढं वस्तुमान खाली वाढलंय. घट बरोबर १५ आली, तर नवं वस्तुमान आल्याचा पुरावा नाही.

चांगल्या क्षेत्रीय गुरुत्वमापकाची अचूकता ५ ते १० मायक्रोगॅल असते, म्हणजे आपण त्याच्या मर्यादेवरच काम करत असतो. म्हणून प्रत्येक फेरी आधारबिंदूपासून सुरू करून तिथेच संपवा आणि यंत्राचं भरकटणं काढून टाका. उंची त्याच दिवशी जीपीएसने मोजा. भरती-ओहोटीचं वजन बेटाला दाबतं, त्याची दुरुस्ती लावा. भूजलाची पातळी १ मीटरने वाढली आणि खडकात १० ते २० टक्के पोकळी असेल तर ४ ते ८ मायक्रोगॅलचा खोटा सिग्नल येतो, त्यामुळे मोजणी दर वर्षी एकाच ऋतूत करा.

सहावी पायरी: वीज आणि चुंबकत्व

हे काम आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना घरच्या रानात शिकता येतं. विहीर किंवा बोअरसाठी पाणी शोधताना जे रेझिस्टिव्हिटी यंत्र वापरतात, तेच इथेही चालतं. कोरडा, ताजा बेसॉल्ट विजेला हजारो ओहम-मीटर रोध करतो. उष्ण पाणी आणि आम्ल वाफांनी कुजून माती झालेल्या खडकात तो दहाच्या खाली येतो. हा कुजलेला भाग शोधणं महत्त्वाचं, कारण उतार कोसळायचा असेल तर तो अशाच मऊ थरावरून सुटतो. कोरड्या लाव्ह्यावर इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत, तिथे मिठाचं पाणी आणि बेंटोनाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या मातीचा चिखल वापरा. जमिनीतला नैसर्गिक विद्युतदाब मोजायचा तर तांबं व मोरचूद असलेले सच्छिद्र इलेक्ट्रोडच घ्या, साध्या सळया चालत नाहीत. किनाऱ्याजवळ खाऱ्या पाण्याची पाचर आत शिरलेली असते, तीही कुजलेल्या खडकासारखीच दिसते. जवळच्या विहिरीच्या पाण्याची क्षारता पाहिली तर दोन्ही वेगळे ओळखता येतात.

चुंबकीय मोजणीत तापलेला खडक आपलं चुंबकत्व गमावतो, हा आधार आहे. मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा ५८० अंश सेल्सिअसच्या जवळ. बेटावर फिरतं यंत्र नेताना दुसरं एक यंत्र जागेवर ठेवून दिवसभरातले सूर्यामुळे होणारे चढउतार वजा करावे लागतात आणि विजेच्या तारांपासून दूर राहावं लागतं. मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली, यावरून ही मोजणी किती नाजूक ते कळेल.

सातवी पायरी: उतारांवर पाळत

२२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियातल्या सुंदा सामुद्रधुनीत अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटाची नैऋत्य बाजू समुद्रात कोसळली. ३३८ मीटरचा डोंगर सुमारे ११० मीटरवर आला. त्सुनामीत चारशेहून अधिक माणसं गेली. इशारा मिळाला नाही, कारण तिथली व्यवस्था मोठ्या भूकंपावर आधारलेली होती आणि मोठा भूकंप झालाच नाही. नंतर जुनी रडार चित्रं तपासली तेव्हा ती बाजू कित्येक महिने समुद्राकडे सरकत होती, हे दिसलं. डेटा आधीपासून उपलब्ध होता. हे मला फार लागतं आणि म्हणूनच ही पायरी कोणी गाळू नये.

फूर्नेझचंच पाहा. एप्रिल २००७ च्या मोठ्या उद्रेकात शिखरावरचं दोलोम्यू विवर तीनशे मीटरहून अधिक खचलं. सगळ्यांचे डोळे तिकडे लागले असताना पूर्वेकडचा उतार समुद्राकडे सुमारे १.४ मीटर सरकला, आणि हे कळलं रडार चित्रांतून. म्हणजे उद्रेकाच्या काळात मुखापासून दूरची चित्रंही तेवढ्याच तत्परतेने काढली पाहिजेत.

उताराच्या अभ्यासात हालचालीच्या वेगापेक्षा वेगातला बदल जास्त बोलका. हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीची दक्षिण बाजू वर्षाला कित्येक सेंटिमीटर सरकत असते, तरी ती अजून उभी आहे. संथ चाल अचानक वाढली, तर मात्र सावध व्हायचं. पाण्याखालच्या भागासाठी तळावर ध्वनिसंदेश देणारी यंत्रं ठेवून त्यांच्यातलं अंतर मोजतात. २०१७ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्याबाहेर एटना ज्वालामुखीचा पाण्याखालचा उतार आठ दिवसांत ४ सेंमी सरकल्याचं असंच सापडलं. मुखापासून इतक्या दूरचा भाग सरकतोय, याचा अर्थ तो फक्त शिलारसाच्या दाबाने ढकलला जात नाही, स्वतःच्या वजनानेही घसरतोय.

आठवी पायरी: मोजमापांचं धोक्यात भाषांतर

सगळे आलेख एकाच कालरेषेवर, एकाखाली एक मांडा: भूकंपांची संख्या आणि खोली, जीपीएस, जमिनीचा झुकाव, बाहेर पडणारे वायू, पाऊस, लाटांची उंची. वेगवेगळ्या तत्त्वांची निदान दोन मापं एकाच वेळी, एकाच दिशेने बदलली तर गंभीरपणे घ्या. मग तीन नकाशे वेगवेगळे करा: भेग कुठे उघडू शकते, लाव्हा कोणत्या उतारावरून जाईल आणि कोणती बाजू कोसळली तर लाट कुठे पोचेल. एकाच रंगीत नकाशात सगळं कोंबलं की प्रशासनाला काहीच कळत नाही.

'किती वेळ आहे?' हा प्रश्न नक्की येतो. एल हिएरो बेटावर जुलै २०११ मध्ये हादरे सुरू झाले आणि समुद्राखालचा उद्रेक १० ऑक्टोबरला झाला. ला पाल्मावर ११ सप्टेंबर २०२१ ला हादरे, १९ सप्टेंबरला उद्रेक. दोन्ही कॅनरी बेटंच, पण एकीकडे जवळपास तीन महिने आणि दुसरीकडे आठ दिवस. म्हणून एका बेटाचा अनुभव दुसऱ्यावर चढवायचा नाही, आणि तारीख तर कधीच द्यायची नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. १९७६ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या सूफ्रिएर ज्वालामुखीमुळे सत्तर हजारांहून जास्त माणसं कित्येक महिने घराबाहेर राहिली आणि ज्याची भीती होती तो मोठा उद्रेक झाला नाही. त्यातही माणसांचे हाल होतातच.

सूचना लिहिताना क्रम असा ठेवा: काय दिसलं, आम्ही त्याचा काय अर्थ लावतो, काय अजून माहीत नाही, लोकांनी आत्ता काय करावं आणि पुढची सूचना किती वाजता येईल. शेवटची वेळ पाळाच, नवं काही सांगायचं नसलं तरी. मायोतमध्ये सुरुवातीचे महिने लोकांना सर्वाधिक टोचली ती शांतता. सूचना स्थानिक बोलीतही काढा.

नववी पायरी: आपल्या बेटावर करून बघा

भारताचा एकमेव निश्चित जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे. पहिली नोंद १७८७ ची, मग दीर्घ शांततेनंतर १९९१ मध्ये तो पुन्हा जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु संकल्प' जहाज जवळच काम करत असताना त्यांनी त्याचा उद्रेक पाहिला. बेट जेमतेम ३ किमी रुंद, निर्मनुष्य, आणि वर दिसतो तो सुमारे साडेतीनशे मीटरचा माथा. बाकी डोंगर दोन किलोमीटरहून खोल पाण्यात.

सुरुवात उष्णतेपासून करा. नासाच्या फर्म्स या आगी व उष्णता दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून गेल्या काही वर्षांचे तप्त बिंदू उतरवा. ते दिसतील त्या तारखांची सेंटिनेल-२ या उपग्रहाची लघुतरंग अवरक्त (उष्णता दाखवणाऱ्या अदृश्य प्रकाशाची) चित्रं कोपर्निकसच्या ब्राउझरमध्ये उघडा. बँड १२ मध्ये ताजा लाव्हा चमकतो. मग त्या काळापूर्वीची आणि नंतरची सेंटिनेल-१ ची जोडी घेऊन इन्सार काढा. बेट एवढं छोटं की संदर्भबिंदूही तिथलाच घ्यावा लागेल, त्यामुळे उत्तरात 'विवराच्या तुलनेत किनारा' एवढंच म्हणता येईल. चुंबकीय मोजणीचा जुना डेटा मिळाला, तर बॅरन चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे हे विसरू नका. तिथे चुंबकीय खडकाच्या वर शिखराऐवजी खोलगट मूल्य दिसतं.

त्यानंतर एक छोटं गणित करा. श्री विजयपुरम (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) इथून सुमारे १३५ किमी. समुद्राची सरासरी खोली २,००० मीटर धरली तर त्सुनामीचा वेग म्हणजे ९.८ गुणिले २,००० यांचं वर्गमूळ, सेकंदाला १४० मीटर. लाट पोचायला साधारण १६ मिनिटं. बारा दिवसांनी येणारा उपग्रह ही १६ मिनिटं देऊ शकत नाही. तो फक्त उतार वर्षभरात सरकतोय का ते सांगेल. त्या १६ मिनिटांसाठी बेटाजवळ तळावर दाबमापक हवा, किनाऱ्यावर भरतीमापक हवा आणि दोघांचा डेटा थेट हैदराबादच्या त्सुनामी इशारा केंद्रात यायला हवा. तुमच्या पहिल्या पायरीच्या कागदावर बॅरनसाठी हे दोन प्रश्न वेगवेगळ्या ओळींवर लिहा, आणि प्रत्येकासमोर त्याचं यंत्र.